दुपारच्या वाऱ्यात बोट धक्क्याला लावताना नाक कुठे, धारेकडे की वाऱ्याकडे?

तापीकाठचा (धागाकर्ता) · १२ मे, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

शीर्षक वाचून हसू नका. हो, खान्देशात बोट. आमचं गाव सारंगखेडा आणि प्रकाशा यांच्या मधे, तापीच्या दक्षिण काठावर. चार एकर पपई पलीकडच्या काठाला, शहादा तालुक्यात. पुलावरून गेलं तर येऊन-जाऊन अर्धा दिवस आणि पेट्रोल. म्हणून आम्ही तिघा भावकीने मिळून जुनी १६ फुटी फायबर बोट घेतली, मागे १५ एचपीची मोटार. मजुरांना ऊन लागतं म्हणून वर पाइप आणि ताडपत्रीचं छत केलं. आमच्या बाजूला निळ्या ड्रमचा तरंगता धक्का बांधलाय.

सकाळी सगळं गोड. दुपारी तीननंतर पश्चिमेचा वारा सुटला की वाट लागते. आजोबा नाव चालवायचे, त्यांचा एकच नियम घरात सगळ्यांना पाठ आहे: नाव काठाला लावताना नाक धारेकडे. तापी वाहते पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणून मी नाक पूर्वेला करून येतो. काल तसाच आलो, मोटार न्यूट्रल केली, तरी बोट थांबेना. रिव्हर्स मारला तर मोटार पाण्याबाहेर उचलली गेली आणि पंखा हवेत फिरला. धाडकन धक्क्यावर. एक ड्रम फुटला. काकांनी अडवायला पाय पुढे केला, तो घोट्यात सुजलाय. हाड वाचलं.

दुसरं म्हणजे, कधी नीट जवळ आलोच तर दोर टाकेपर्यंत वारा बोटीला परत नदीत ढकलतो.

जाणकारांनी सांगावं. आजोबांचा नियम चुकीचा कसा असेल?

---

शेवभाजी_एक्स्ट्रा · १२ मे, रात्री ९.५२

पहिला नंबर माझा.
आतापर्यंत खान्देशी माणसाला धक्का म्हणजे फक्त बंद पडलेल्या एस्टीला मारायचा एवढंच माहीत होतं.

---

गोमाईकर · १२ मे, रात्री १०.१५

प्रकाशाचा आहे, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. :)

मे महिन्यात तुमच्याकडे धार आहेच कुठे? बॅरेजचे दरवाजे बंद, पाणी तुंबलेलं. गोमाई नदीच्या संगमापाशी फुलं सोडली तर संध्याकाळपर्यंत तिथंच, उलट वारा असला की सारंगखेड्याच्या दिशेने सरकतात. नदी पश्चिमेला वाहते हे भूगोलाच्या पुस्तकात. तुम्ही नाक पूर्वेला केलं म्हणजे पश्चिमेचा वारा सरळ पाठीवर घेतला. बोट थांबणार कशी?

---

बट्टीवाला · १२ मे, रात्री १०.३१

भाऊ, मन्हा आजा बी हाईच सांगे: "पानीले तोंड देवानं, पाठ देवानी नही." आजोबा चुकत नसतात. चुकतो तो नातू.

---

नाळ_आणि_दोर · १३ मे, सकाळी ७.०५

मूळचा चोपड्याचा, गेली अठरा वर्षं बंदरात टगवर (मोठी जहाजं ओढणारी बोट). जरा सविस्तर लिहितो.

नियम "धारेकडे नाक" असा नाहीच. तो असा आहे: जे बोटीला जास्त ढकलतंय, त्याच्याकडे तोंड. कधी ती धार, कधी वारा. कारण साधं आहे. समोरून ढकलणारं काही असलं की तोच तुमचा ब्रेक. मोटार हळू पुढे चालू ठेवून तुम्ही काठाच्या हिशोबात जागेवर उभे राहू शकता, आणि मोटार चालू आहे म्हणून दिशाही हातात राहते. मागून ढकलणारं असलं तर थांबायला रिव्हर्स लागतो, आणि रिव्हर्समधे छोटी बोट कोणाचं ऐकत नाही. तुमच्या मोटारीला वेगळं सुकाणू नाही. पंख्याने फेकलेलं पाणी हेच सुकाणू. न्यूट्रल केलं की हातातला दांडा म्हणजे नुसता दांडा.

आता वारा आणि पाणी यांची ताकद. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून बांधून ठेवलेल्या बोटीवर, सारख्याच आकाराच्या भागावर, ताशी १ किमीची धार जेवढी रेटते तेवढं रेटायला ताशी २८ किमीचा वारा लागतो. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, धारच मोठी. पण "सारख्याच आकाराचा भाग" हे विसरतात. तुमची बोट पाण्याखाली किती? वीतभर. आणि पाण्यावर ताडपत्रीसकट पुरुषभर उंच. म्हणजे वाऱ्याला मिळालेलं अंग पाण्यातल्या अंगाच्या आठ-नऊ पट. ढोबळ हिशोब केला तर ३० किमीच्या वाऱ्यात तुमची बोट मोटार बंद करून आडवी सोडली तर ताशी तीनेक किलोमीटरने वाहत जाईल. तुम्ही छत नाही बांधलंय, शीड बांधलंय.

छत काढलं तर हाच वेग जवळपास निम्मा होईल.

रिव्हर्सला मोटार उचलली जाणं हा वेगळा आजार. मोटारीला टिल्टचं लॉक असतं, म्हणजे ती वर उचलली जाऊ नये म्हणून हूक. ते अडकवलेलं नसलं की रिव्हर्समधे पंखा स्वतःलाच वर ढकलतो. जुन्या मोटारीत तो हूक झिजलेला असतो. आधी तो बघा.

---

तापीकाठचा · १३ मे, सकाळी ७.४०

हूक आहे हेच आज कळलं. गंजून बसलाय. आधीच्या मालकाने तार बांधून ठेवली होती, ती मी "फालतू तार" म्हणून काढून टाकली. _/\_

---

शेवभाजी_एक्स्ट्रा · १३ मे, सकाळी ७.४४

खान्देशात बांधलेली तार कधी काढू नये. ट्रॅक्टर असो, मोटार असो, नाहीतर नातं.

---

भुसावळ_जंक्शन · १३ मे, सकाळी ९.२०

टगवाल्या दादांशी एका बाबतीत असहमत. पावसाळ्यात हा हिशोब सांगून कोणाचा जीव घालवू नका. आमच्या वर हतनूर धरण आहे, ४१ दरवाजे. वरून पूर्णेचं आणि तापीचं पाणी एकत्र आलं आणि दरवाजे उघडले की खाली तापी काय होते ते पुलावरून बघा. तेव्हा छत काय, वर बंगला बांधला तरी धारच जिंकणार. आजोबांचा नियम तिथे शंभर टक्के बरोबर.

---

नाळ_आणि_दोर · १३ मे, सकाळी ९.५०

@भुसावळ_जंक्शन, असहमत कुठे आहात? मी तेच म्हणतोय, जे जास्त ढकलतंय त्याच्याकडे तोंड. पुरात धार. आणि खरं तर पुरात बोट काढूच नये, हा त्याच्याही आधीचा नियम.

---

वाळूतली_वाडी · १३ मे, दुपारी १२.१०

सगळे आजोबांच्या नियमाबद्दल बोलताहेत, आजोबा नाव कधी चालवायचे हे कोणी विचारलंच नाही.

माझं माहेर तापीकाठचं, वरच्या अंगाला. लहानपणी उन्हाळ्यात नाव हा प्रकारच नव्हता. होळी झाली की नदी पायाखाली यायची. ढोपरभर पाण्यातून बैलगाडी पलीकडे. वाळूत टरबुजाच्या, काकडीच्या वाड्या लागायच्या, आम्ही दुपारभर तिथंच. नाव निघायची ती आषाढात, आणि दिवाळीनंतर पाणी उतरलं की काठावर पालथी घालून ठेवायचे. म्हणजे नावाड्याला जी नदी माहीत होती ती कायम वाहतीच होती. भर मे महिन्यात दोन पुरुष पाणी आणि तेही थांबलेलं, असं त्यांनी पाहिलंच नाही. बॅरेज नंतर आले.

शिवाय त्यांच्या नावेला छत नव्हतं. लाकडी, जड, पाण्यात खोल बसलेली. वाऱ्याला धरायला काही नव्हतंच.

आजोबा बरोबर होते. त्यांची नदी राहिली नाही.

---

गोमाईकर · १३ मे, दुपारी १२.२५

ताई, +१००. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

---

बट्टीवाला · १३ मे, दुपारी १२.४०

टरबुजाच्या वाड्या... काय आठवण काढली ताई. चोरून खाल्लेल्या टरबुजाची गोडी विकतच्याला नाही. आमच्याकडे वाडीवाला बुढा गोफण घेऊन बसायचा, पण मारायचा बाजूला.

---

पुणेरी_नावाडी · १३ मे, दुपारी १.१५

खडकवासल्याला रोइंग करायचो कॉलेजात, त्या आधारावर: धारेकडे, वाऱ्याकडे यावर वाद घालण्यापेक्षा सरळ वल्ही वापरा. मोटारीची गरजच काय?

---

तापीकाठचा · १३ मे, दुपारी १.३०

@पुणेरी_नावाडी, पपईचे वीस क्रेट आणि सहा माणसं घेऊन एकदा वल्हवून दाखवा. जेवण आमच्याकडून.

---

शेवभाजी_एक्स्ट्रा · १३ मे, दुपारी १.३२

जेवणात शेवभाजी असेल तर मी वल्हवतो. लाल रस्सा, वर तर्री. पोचेन की नाही माहीत नाही.

---

मास्तर_धडगाव · १३ मे, रात्री ८.१०

उशिरा येतोय, आमच्याकडे नेटवर्क डोंगरावर चढून मिळतं.

माझी शाळा नर्मदेच्या अंगाला. सरदार सरोवराचं पाणी आमच्या दऱ्यांमधे शिरलेलं आहे. इथे बोट म्हणजे हौस नाही. बाजार, रेशन, दवाखाना, सगळं बोटीने. निवडणुकीत मतदान पथकंही बोटीनेच जातात. विधानसभेच्या यादीत अक्कलकुव्याचा क्रमांक १ आहे आणि त्यातलं मणिबेली गाव या पाण्याकाठीच आहे.

आमच्या अडचणी तुमच्यापेक्षा वेगळ्या. इथे धक्का नावाची वस्तूच नाही. पाणी वर-खाली होतं, सरोवर पूर्ण भरलं तर समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर, आणि उन्हाळ्यात कितीतरी खाली. आज जिथे बोट लावली तो दगड महिन्याभराने डोक्याच्या वर. काठ म्हणजे निसरडी माती. त्यातून बुडालेली झाडं. पाणी उतरताना ती खुंटं वीतभर पाण्याखाली राहतात, दिसत नाहीत, पंख्याला मात्र बरोबर सापडतात.

आमचे बोटवाले काय करतात ते सांगतो. दरीतून वारा नळकांड्यातून यावा तसा येतो. जिथे उतरायचं तिथून पन्नास-साठ फुटांवर बोट थांबवतात, मोटार न्यूट्रल, आणि गप्प बसतात. विडी असेल तर पेटवतात. बोट कुठे सरकते ते काठावरचं एखादं झाड धरून बघतात. धूर कुठे जातो तेही बघतात, पण विश्वास बोटीवर. बोट जिकडून जिकडे सरकली, त्याच्या उलट तोंड करून मग काठाला येतात. मी एकाला विचारलं, वारा बघतोस की धार? तो म्हणाला, गुरुजी, मी दोन्ही नाही बघत. मी बोट बघतो.

आणि एक कळकळीचं. काठ जवळ आला की माणसं उठतात. सगळी एकाच बाजूला, सगळी एकदम. जानेवारी २०१९ मधे भूषाजवळ संक्रांतीच्या दिवशी बोट उलटली आणि माणसं गेली. तिची कारणं काढत बसायला हा धागा नाही, पण त्या दिवसापासून आमच्या बोटीत दोर बांधून होईपर्यंत कोणी उठलं तर बोटवाला मोटार परत मागे घेतो. सरपंच असला तरी.

---

वाळूतली_वाडी · १३ मे, रात्री ८.३०

मास्तर, "मी बोट बघतो" हे लिहून ठेवलं.

---

नाळ_आणि_दोर · १३ मे, रात्री ९.१५

मास्तरांच्या बोटवाल्याने माझ्या सकाळच्या अख्ख्या पोस्टची हवा काढली. :) हेच करा. न्यूट्रल करून मोजून अर्धा मिनिट थांबा. धार आणि वारा समोरासमोर असले की डोक्याने हिशोब होत नाही, बोटीला विचारावं. तुमच्याकडे हे नेहमीच होणार, कारण नदी पश्चिमेला जाते आणि वारा पश्चिमेकडून येतो. पाऊस पडून एखाद-दोन दरवाजे उघडे असले की दोघांची बरोबरी होईल, तेव्हा तर जास्तच. पाण्यावर उभ्या, टोकदार लाटा दिसल्या तर समजा की दोघांची जुंपली आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बोट काठापासून दूर ढकलली जाते. वारा नैर्ऋत्येचा असणार, तुमचा धक्का दक्षिण काठाला, म्हणजे वारा जमिनीवरून नदीकडे. तेव्हा काठाला समांतर येऊ नका. जरा तिरके या, नाक धक्क्याच्या दिशेने ठेवून. अगदी जवळ आल्यावर दांडा धक्क्याकडे ढकलायचा आणि मोटारीला एक छोटा झटका, की शेपूट काठाकडे येतं. लगेच दोर.

कुठला दोर पहिला, हे महत्त्वाचं. बहुतेक लोक नाकाचा दोर टाकतात. मग नाक बांधलेलं आणि शेपूट वाऱ्यावर दरवाजासारखं उघडतं. पहिला दोर मधला. बोटीच्या मध्याच्या जरासं पुढे एक कडी बसवा, त्यातून दोर घेऊन धक्क्यावरच्या मागच्या खुंट्याला अडकवा. मग मोटार अगदी हळू पुढे, दांडा धक्क्याकडे. बोट पुढे जायला बघते, दोर सोडत नाही, म्हणून ती आपोआप काठाला चिकटून उभी राहते. तशीच ठेवा, आरामात पुढचा आणि मागचा दोर बांधा, मग मोटार बंद. एकट्यालाही जमतं.

दोर हाताला गुंडाळायचा नाही. खुंट्याला एक वेढा आणि टोक हातात. ओढ खुंट्याने सोसायची, मनगटाने नाही.

आणि काकांना सांगा: बोट आणि धक्का यांच्या मधे पाय नाही, हात नाही. माणसं आणि क्रेट धरून टनभर वजन होतं, कमी वेगातही ते पायाने थांबत नाही. तिथे टायर लावा.

---

चाळीसगाव_लोकल · १३ मे, रात्री ९.४०

टायर मोटारसायकलचे लावा. चारचाकीचे जड होतात आणि पाणी साठून डासांची शाळा भरते. खाली एक भोक पाडायचं. काळे डाग पडतात पांढऱ्या फायबरवर, त्यावर जुनं गोणपाट गुंडाळा.

अवांतर: "कड्या", "खुंटे" ठीक, पण बोटीच्या नाकाला मराठीत खरा शब्द नाळ ना?

---

नाळ_आणि_दोर · १३ मे, रात्री ९.४८

हो, कोकणात नाळ. म्हणूनच आयडी तसा. पण तापीवर नाळ म्हटलं तर लोक बाळंतपणाच्या गोष्टी सुरू करतील. नाकच बरं.

---

गोमाईकर · १४ मे, सकाळी ८.००

बॅरेजच्या जवळ राहणाऱ्याचं एक सांगणं. वरच्या बाजूने दरवाज्यांजवळ बोट कधीच लावू नका, पाणी कितीही झोपलेलं दिसो. पुलाच्या खांबालाही नाही. धार सुरू झाली की बोट खांबावर आडवी दाबली जाते आणि वरच्या अंगाने पाणी आत शिरतं. आणि पावसाळ्यात दोर आखूड बांधू नका. रात्रीत पाणी चढलं तर धक्का तरंगेल, पण तुमचा धक्का ज्या खांबांना बांधलाय ते किती उंच आहेत? ड्रम खांबाच्या वरून निघून गेले तर सकाळी धक्का आणि बोट दोन्ही खाली उकाई धरणाच्या पाण्यात शोधा.

जलपर्णीचंही बघा. पंख्याला गुंडाळली की ऐनवेळी जोर मिळत नाही. काठाला यायच्या आधी एकदा छोटा रिव्हर्स मारून झटकून टाका, म्हणजे रिव्हर्स चालतोय की नाही हेही लांबूनच कळतं.

---

तापीकाठचा · १४ मे, सकाळी ८.२०

सगळ्यांचे आभार. खांब जेमतेम पुरुषभर आहेत. पावसाच्या आधी वाढवतो. काका हा धागा वाचताहेत, त्यांचं म्हणणं "पाय मी मुद्दाम घातला नव्हता."

---

बट्टीवाला · १४ मे, सकाळी ८.२२

काकाले सांगा, पाय काय मुद्दाम घालवाना ऱ्हास का भाऊ!

---

तापीकाठचा · ९ जून, रात्री ८.५०

अहवाल देतो, नाहीतर म्हणाल विचारून पळाला.

हूक बदलला. छत आता गुंडाळता येईल असं केलं. नदीच्या मधे आलो की दोन मजूर गुंडाळतात. कुरकुर करतात, पण करतात. धक्क्यावर मागे नवा खुंटा, बोटीला मधली कडी.

मे अखेरीस नाक पश्चिमेला करून आलो. इतकं सोपं गेलं की राग आला. वारा समोरून, मोटार जेमतेम चालू, बोट धक्क्यासमोर उभीच्या उभी. मधला दोर टाकला आणि चहा पिऊन बाकीचे बांधले. आजोबांच्या खाटेवर जाऊन सांगितलं (वय ८८, ऐकू कमी येतं). म्हणाले, "उलटी लावली?" मी म्हटलं हो. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उन्हाळ्यात नाव कशाला काढली? चालत जायचं होतं."

वाळूतली_वाडी ताई, तुम्ही म्हणालात ते असं समोर आलं. त्यांच्या मनात मे महिन्यात अजून वाळूच आहे.

---

वाळूतली_वाडी · ९ जून, रात्री ९.०५

🙏 त्यांना एकदा उचलून न्या काठावर. खुर्ची टाकून.

---

तापीकाठचा · २१ जुलै, सायंकाळी ७.१५

धागा वर काढतोय. आज बरोबरीचा दिवस होता. दरवाजे थोडे उघडे असावेत, पाणी गढूळ, आणि वरून वारा. सवयीने नाक पश्चिमेला करणार होतो. मास्तरांचं आठवलं. न्यूट्रल केलं. काठावरचं निंबाचं झाड धरून बघत बसलो. आधी वाटलं बोट पूर्वेला सरकतेय. मजुरांनी छत गुंडाळलं आणि ती हळूच थांबली, मग पश्चिमेला निघाली. डोळ्यांदेखत निकाल फिरला. नाक पूर्वेला केलं, आजोबांसारखं, आणि बिनबोभाट लागली.

आजोबा काठावर खुर्चीत होते. म्हणाले, "आता सुलटी लावली."

---

शेवभाजी_एक्स्ट्रा · २१ जुलै, सायंकाळी ७.२०

माझ्या जेवणाचं काय झालं ते कोणी सांगेल का? वल्ही घेऊन तयार आहे.

---

मास्तर_धडगाव · २२ जुलै, रात्री ९.३०

आमच्या बोटवाल्याला ही पोस्ट वाचून दाखवली. त्याचा एकच प्रश्न: विडी पेटवली होती का?